कॅनडात पीआर घेऊन येणाऱ्या सोलापूरकरांसाठी

पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी, मिळाला म्हणजे कायमचं झालं, असं समजून निवांत राहू नका. दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. सलग नसले तरी चालतात. तुमची पहिली पाच वर्षं अजून चालू असतील, तर उरलेल्या काळात ७३० भरू शकतात का, एवढंच पाहतात. नंतर मात्र तपासणीच्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजतात.

हे आधी सांगते, कारण आपली माणसं इथंच अडकतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला म्हणून सोलापूरला जावं, तिथं वडिलांची तब्येत बिघडावी आणि मुक्काम लांबत जावा. राहायलाच हवं, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. पण ते दिवस हिशेबात धरत नाहीत. जोडीदार कॅनडाचा नागरिक असेल आणि तुम्ही त्याच्यासोबत बाहेर राहिलात तर धरतात; आजारी आईपाशी काढलेले नाही. दिवस कमी पडले तर मानवतेच्या आधारावर बाजू मांडता येते. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांच्या पावत्या सगळं जपून ठेवा, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या.

पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर जात नाही, हेही नीट समजून घ्या. पण कॅनडाच्या विमानात बसायला कार्ड लागतं. ते सोलापुरात असताना संपलं, तर परतण्यासाठी ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज करावा लागतो, आणि तेव्हा अधिकारी तुमचे दिवस तपासतात. नवं कार्ड फक्त कॅनडातल्याच पत्त्यावर येतं. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कार्डावरची तारीख बघा.

निघतानाच महापालिकेचा मराठी जन्मदाखला, लग्नाचा दाखला यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं करून घ्या. सोन्याचे दागिने असतील तर किंमतीसह यादी आणि फोटो जवळ ठेवा. मागाहून आणायच्या वस्तूंची यादीसुद्धा पहिल्याच दिवशी कस्टम्सला द्यायची असते. शेंगाचटणी, भाकरी जे काही खायचं असेल ते सांगून टाका, लपवू नका.

पाच वर्षांत १,०९५ दिवस झाले की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तोवर मतदान नाही. नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, काढता येतं. बार्शी, मंगळवेढ्याकडे ज्यांची शेती आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: परदेशी स्थायिक झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते. भावकीत वाटणी व्हायची असेल तर निघण्याआधी वकिलाला भेटून या.