अतिदक्षता वैद्यकात अध्यापक-डॉक्टर व्हायचे असेल तर

अतिदक्षता विभागात केवळ रुग्णसेवा करायची की त्यासोबत शिकवायचे आणि संशोधनही करायचे, हा निर्णय डीएम या अतिविशेष पदवीची जागा हाती आल्यावर घेण्यासारखा नाही. एमडीची शाखा निवडतानाच त्याचा विचार सुरू करावा. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन आणि डीएम किंवा तिच्या तोडीच्या डीआरएनबी पदवीची तीन, असा एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षांचा हिशेब होतो. प्रत्यक्षात नीट-पीजी व नीट-एसएस या प्रवेशपरीक्षा आणि सक्तीच्या सेवेचा बॉण्ड यांत एखाद-दोन वर्षे सहज जातात, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवलेले बरे.

एमडी भूलशास्त्रात करावे, मेडिसिनमध्ये, श्वसनविकारात की इमर्जन्सी मेडिसिनमध्ये, हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. भूलशास्त्रातून आलेल्याचा हात श्वासनलिकेत नळी घालताना डगमगत नाही, तर मेडिसिनमधून आलेल्याला ताप कशाचा आहे हे शोधत बसण्याची सवय असते. जे आपल्याकडे नाही ते डीएमच्या पहिल्याच वर्षी कमीपणा न मानता शिकून घ्यावे. १९९३ साली स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा आयडीसीसीएम हा डिप्लोमा खासगी रुग्णालयांत चांगला चालतो आणि त्यातले प्रशिक्षणही उपयोगी आहे. अध्यापकाच्या पदासाठी मात्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाची मान्यता असलेली पदवी लागते, म्हणून ज्यांना शिकवायचेच आहे त्यांनी मुंबईचे टाटा मेमोरियल किंवा लखनौचे एसजीपीजीआय यांसारख्या डीएम देणाऱ्या संस्थांकडे लक्ष ठेवावे. जागा निवडण्यापूर्वी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टरला, दोनच प्रश्न विचारावेत: सकाळचा राउंड कोण घेते, आणि गेल्या दोन वर्षांत रेसिडेंटच्या नावाने काही छापून आले का?

पहिल्या संशोधनासाठी परदेशी अनुदान लागत नाही, मोजपट्टी लागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसे अचानक निकामी होऊ लागलेल्या, ८६१ रुग्णांपैकी काहींना व्हेंटिलेटरवर प्रतिकिलो १२ मिलिलिटर, तर काहींना ६ मिलिलिटर इतका श्वास दिला गेला. मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात ३९.८ टक्के, तर दुसऱ्यात ३१ टक्के आले. पण हा ‘किलो’ वजनकाट्यावरचा नसतो, तो उंचीवरून काढायचा असतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे हे अनुमानित वजन ६६ किलो येते, म्हणजे ६ मिलिलिटरच्या हिशेबाने एक श्वास साधारण ३९६ मिलिलिटर. तोच रुग्ण काट्यावर ९५ किलो भरला आणि रेसिडेंटने त्यावरून हिशेब केला, तर ५७० मिलिलिटर हवा फुप्फुसांत जाते आणि आपण काही चुकीचे करतो आहोत असे कोणालाच वाटत नाही. आपल्या विभागातल्या व्हेंटिलेटरवरील किती रुग्णांच्या कागदांवर उंची लिहिलेली आहे, हे महिनाभर मोजावे; मग प्रत्येक खाटेला टेप बांधून, सिस्टर आणि रेसिडेंट यांना हिशेब समजावून पुन्हा महिनाभर मोजावे. हा झाला तुमचा पहिला ऑडिट.

पुढचे प्रश्नही आपल्याच खाटेपाशी सापडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशानंतर रुग्ण नेमका कशाने दगावतो हे त्याच्याजवळ बसून टिपले: घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसांत साचणारे पाणी. त्या निरीक्षणांतून प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध विंचुदंशाच्या उपचारात आले, आणि २०११ साली नुसते प्राझोसिन आणि प्रतिविषासह प्राझोसिन यांची तुलना करणारी त्यांची चाचणी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यू हे रुग्ण आपल्याकडे जितके येतात तितके युरोपातल्या प्राध्यापकाला आयुष्यभर पाहायला मिळत नाहीत; असे असताना त्यांच्याच प्रश्नांची उजळणी आपण का करत बसतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

कागदपत्रांचा क्रम मात्र चुकवू नये. आधी संख्याशास्त्रज्ञाला भेटावे, मग नैतिकता समितीची परवानगी घ्यावी, आणि चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी. माझ्या एका अभ्यासाची नोंदणी पहिल्या रुग्णानंतर तीन आठवड्यांनी झाली. त्या वेळच्या कार्यालयात अर्ज कोणाच्या टेबलावर पडून होता हा भाग वेगळा, पण दीड वर्षाचे काम दोन नियतकालिकांनी एका ओळीच्या पत्राने परत पाठवले.

शिकवणे खाटेपाशीच व्हावे. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला, त्यामुळे आपली शाखा विद्यार्थ्यांच्या हातांवर उभी राहिली असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे ठरत नाही. राउंडला एका रुग्णापाशी एकच मुद्दा शिकवावा, आणि रेसिडेंटचे उत्तर चुकले तर त्याला नातेवाइकांसमोर बोलू नये.

नातेवाइकांशी बोलणे हाही शिकवण्याचाच विषय आहे, आणि तो सर्वांत कमी शिकवला जातो. निष्क्रिय दयामरणाबाबत, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याबाबत, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरणात आणि २०१८ मध्ये पुन्हा निकाल दिले, २०२३ मध्ये त्यातली प्रक्रिया सोपी केली. तरीही उपचार कधी थांबवता येतात हे नीट सांगू शकणारे रेसिडेंट थोडेच भेटतात. अशा बैठकीला कनिष्ठ रेसिडेंटला सोबत न्यावे, बसायला खुर्च्या मागवाव्यात, फोन सिस्टरकडे द्यावा, आणि ‘आत्तापर्यंत तुम्हाला काय सांगितले आहे?’ या प्रश्नाने सुरुवात करावी. बाहेर आल्यावर पाच मिनिटे थांबून त्याने काय ऐकले हे विचारावे.

नोकरीबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. सीनियर रेसिडेन्सीनंतर सहायक प्राध्यापकाचे पद मिळते; पुढच्या बढतीसाठी प्रसिद्ध झालेले लेख आणि संशोधन व वैद्यकीय शिक्षण यांवरचे मूलभूत अभ्यासक्रम पाहिले जातात, ते पहिल्या वर्षीच उरकून टाकावेत. पगार कॉर्पोरेट रुग्णालयापेक्षा कमी असतो. संशोधनासाठी वेगळा वेळ कागदावर असला तरी हातात येत नाही, म्हणून रुजू होण्यापूर्वीच विभागप्रमुखांकडून आठवड्यातली एक दुपार ड्युटीविना लेखी मागून घ्यावी, आणि रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार मिळत असेल तर ती नाकारावी.