वाचक काउंटरवर चिडला, तर

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या घरात गेला, की आमच्या वाचनकक्षातली भांडणं कूलरसमोरच्या रांगेवरून सुरू होतात. महालातल्या या ग्रंथालयात मी 14 वर्षं देवघेवीला बसते. नवीन लागलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगते: आवाज चढलेल्या माणसाला आधी खुर्ची द्या, पाणी द्या, मग रजिस्टर उघडा.

सगळ्यात जास्त वाद "पुस्तक मी कधीचंच परत केलं" यावरून होतो. तिथे "आमच्याकडे तर तुमच्याच नावावर दिसतंय" असं लगेच म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. साठीतले काका, उन्हातून सायकलने आलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. "मॅडम, मी काय खोटं बोलून राहिलो?" म्हणाले आणि त्यांचे हात थरथरत होते. मी दंडाचा आकडा सांगितला, त्यांनी मुकाट्याने भरला. संध्याकाळी रॅक लावताना तेच पुस्तक हाती आलं. दाखल क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रतीला दिलेला वेगळा नंबर, तोच. जमा मीच करून घेतलं होतं, नोंद करायची राहिली होती. फोन करून माफी मागितली, दंड परत केला, पण त्यांचे ते हात अजून डोळ्यांपुढे येतात.

तेव्हापासून मी म्हणते, "चला काका, आधी रॅकवर बघू." दोघांनी मिळून शोधायचं: पुस्तकाची जागा, आजूबाजूचे कप्पे, मग परत आलेल्यांचा ढीग. नाहीच सापडलं तर आठ दिवसांची मुदत द्या आणि तोवर दंड थांबवा. पुष्कळदा ते घरच्या दिवाणात निघतं, आणि माणूस मान खाली न घालता आणून देतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, आम्ही प्रमाणपत्र वर्गात पाठ केलं होतं. वाचकाचा मानही तितकाच जपायचा असतो, हे मला काकांमुळे कळलं.

एमपीएससीची मुलं बॅग ठेवून जागा अडवतात. मालक अर्धा तास दिसला नाही, की बॅग काउंटरवर आणा आणि टेबलावर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवा. एकालाही सूट नको. पेपरातलं शब्दकोडं कोणी फाडत असेल, तर सकाळीच त्याची झेरॉक्स काढून ठेवा. "अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत" म्हणणाऱ्यापुढे अर्जाचा कागद सरकवा: "दंड माफ करणं माझ्या हातात नाही, लिहून द्या, मी वर पाठवते." बहुतेक जण लिहीत नाहीत, दंड भरतात.

मुलींकडे टक लावून बसणाऱ्याला मात्र खुर्ची-पाणी काही नाही. दोघांनी मिळून जा, नोंदवहीत तारीख-वेळ लिहा, अंगावर आला तर सरळ 112 लावा. मुलीला जागा बदलायला सांगू नका, त्याला उठवा. त्या रात्री ती ऑटोत बसेपर्यंत आमच्यातलं कोणीतरी फाटकापाशी थांबतं.