गोलसर ठळक फॉन्टमध्ये मराठी मथळा कसा बसवावा

जाडजूड, गोल टोकांची, वर्तुळं आणि दांडे जोडून केल्यासारखी अक्षरं कुठे शोभतात हे सांगायला लेख लागत नाही. शिबिराचा फलक, खेळण्याचं खोकं, अ‍ॅपचं नाव इथे शोभतात. नोटीस, श्रद्धांजली आणि सलग मजकूर यांत नाही. या फॉन्टना सरसकट बालिश म्हणणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. १९७९ साली फोक्सवागनसाठी आलेला व्हॅग राउंडेड याच जातीचा, आणि पुढे अ‍ॅपलच्या कीबोर्डवर तो बरीच वर्षं होता. फॉन्ट बालिश नसतो, तो बसवला वाईट जातो.

आधी निवड. फॉन्टच्या नमुन्यातलं सुंदर 'अ' बघून भुलू नका. ध, घ, भ, म, क्ष, ज्ञ टाइप करा. ध आणि घ यांच्यात फरक तो काय, डोक्याशी एवढीशी गाठ आणि शिरोरेषेतली फट. जाडी वाढली की आधी तीच बुजते. मी एकदा मोठ्या हौसेने 'धम्माल' लिहिलेला फलक लावला आणि समोरच्या पहिल्याच मुलाने खणखणीत आवाजात 'घम्माल' वाचलं. तेव्हापासून गाठ दिसत नसेल तर फॉन्ट कितीही देखणा असो, मी घेत नाही.

जाडी फॉन्टच्या फाइलमधूनच घ्या, बी चं बटण दाबून नाही. ते बटण दाबल्यावर फॉन्टमध्ये ठळक वजन (म्हणजे जाडीची वेगळी आवृत्ती) नसेल, तर सॉफ्टवेअर आहे त्याच अक्षराला चहूबाजूंनी फुगवतं आणि पोकळ्या गिळतं. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू हा फॉन्ट सुरुवातीला एकाच वजनात होता. बलू २ मध्ये पाच वजनं आहेत, त्यातलं हवं ते वापरा.

आता खरी कटकट: अंतर. इथे मी दोन-तीन कामं वाया घालवली आहेत.

रोमन अक्षरांत गोष्ट सोपी आहे. दोन उभे दांडे शेजारी आले तर त्यांच्यात जास्त जागा, दांडा आणि गोल असेल तर कमी, दोन गोल असतील तर सगळ्यात कमी. मोठ्या मथळ्यात ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर, थोडं आवळलं की काम झालं. हाच सल्ला लोक मराठीला चिकटवतात, किंवा उलट, 'जरा मोकळं दिसू दे' म्हणून ट्रॅकिंग वाढवतात. मीही वाढवलं होतं. अक्षरं सुटली, शिरोरेषा तुटली, आणि टोकं गोल असल्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळा मणी दिसायला लागला. चौकोनी टोकांच्या फॉन्टमध्ये अशी फट निदान बारीक रेघ वाटते. इथे दोन गोल टोकांमध्ये वर-खाली खाच पडते आणि लांबूनही डोळ्यात खुपते. म्हणून देवनागरीत ट्रॅकिंग शून्य ठेवा. वेबपानावर त्यालाच लेटर-स्पेसिंग म्हणतात, तेही शून्यच.

मग र, ट, द अशा अक्षरांखाली पडणाऱ्या पोकळीचं काय? 'दर' लिहून बघा, शिरोरेषा सलग असते पण खाली भगदाड दिसतं. याला उपाय एकच, तो हाताने करायचा. मजकूर कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे हलवता येणारे आकार करा (मूळ टाइप केलेली प्रत बाजूला ठेवून, नाहीतर चूक सापडल्यावर सगळं पुन्हा), दुसरं अक्षर डावीकडे किंचित सरकवा, शिरोरेषा एकमेकींवर चढू द्या. कुठे अक्षर लांब न्यावं लागलं तर मधली फट शिरोरेषेच्याच जाडीच्या आयताने भरा. शेवटी सगळा शब्द वेल्ड करा, म्हणजे सगळे तुकडे जोडून एकच आकार करा. सरकवताना मोजपट्टी लावू नका. कागद उलटा करून बघा, म्हणजे शब्द वाचला जात नाही आणि नुसते काळे-पांढरे ठिपके दिसतात. जिथे पांढरा ढीग साचलाय तिथेच हात घालायचा.

वेल्ड टाळायचा मोह होतो. टाळलात तर आउटलाइन देताच प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटेल, आणि अर्धपारदर्शक रंग दिलात तर जोड गडद दिसतील. माझ्या एका कामात ते छपाईनंतर लक्षात आलं. पैसे माझेच गेले.

आउटलाइन द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या मागे ठेवा. अक्षराच्या कडेवर मधोमध दिलेल्या रेघेची निम्मी जाडी आत जाते आणि आधीच बारीक झालेली पोकळी खाते.

दोन ओळींचा मथळा असेल तर इंग्रजी पोस्टरसारख्या ओळी चिकटवू नका. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात.

खालच्या मजकुराला साधा, सडपातळ फॉन्ट. दुसरा गोल फॉन्ट नको.

शेवटी प्रत्यक्ष आकारात एक प्रिंट काढून भिंतीला लावा, लांब जा, डोळे किलकिले करा. आणि शब्द माहीत नसलेल्या कुणाला तरी तो मोठ्याने वाचायला सांगा.