गोव्यात ताय ची शिकायचंय? मग बीच सोडा, हॉल शोधा

गोव्यात ताय ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हरमल नाहीतर मांद्रेचा बीच, ढगळ पांढरे कपडे आणि सूर्यास्त. रीलमध्ये मस्त दिसतं, पण नवशिक्याला वाळूत शिकू नका असंच मी सांगेन, कारण पाय रुतला की घोटा वळतो, आणि वजन नेमकं कुठल्या पायावर आहे तेच कळत नाही, आणि ताय चीत सगळी गंमत तर तिथेच आहे. शिवाय किनाऱ्यावरचे बरेच क्लास सीझनपुरतेच, मार्च संपला की शिकवणारा आपल्या देशात आणि तुम्ही अर्धवट. त्यामुळे पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, जिथे राहता तिथे पावसातही चालणारा क्लास बघा. योगावाल्यांकडे, कराटे-वुशू शिकवणाऱ्यांकडे, सीनियर सिटिझन मंडळात विचारा, कोणी ना कोणी पत्ता सांगतोच.

क्लास सापडला की आधी विचारायचं, स्टाइल कुठली? बऱ्याच ठिकाणी यांग असते, संथ आणि मोकळी. त्यातला २४ स्टेपचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, चीनच्या क्रीडा खात्याने १९५६ मध्ये बसवला, अख्खा केला तरी पाच-सहा मिनिटं लागतात, सुरुवातीला हाच बरा. चेन स्टाइल मूळची, पण त्यात खाली बसणं, पाय आपटणं, मध्येच झटका, म्हणजे गुडघे कुरकुरत असतील तर नकोच. सुन स्टाइलमध्ये उभं राहायची पद्धत उंच असते, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवातासाठी जो प्रोग्राम केला तो त्यावरच बेतलेला. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग सरांना पण सांगा, लपवू नका.

पैसे भरायच्या आधी एक क्लास नुसता बसून बघा. सर पाठ फिरवून पुढे करत राहिले आणि मागे पंचवीस जण हात हलवताहेत, तर घरी यूट्यूब बघितलेलं काय वाईट? चांगला शिकवणारा मध्ये फिरतो, आणि त्याची नजर हातांवर कमी, गुडघ्यांवर जास्त असते. वळताना गुडघा आत पडला की थांबवतो, कारण गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहायला हवा. आणि कोणी 'शुगरच्या गोळ्या बंद करा' म्हणाला तर चपला घालून सरळ बाहेर. तोल सुधारतो हे मात्र खरं आहे, २०१२ मध्ये अमेरिकेत पार्किन्सनच्या पेशंटवर अभ्यास झाला, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, तेव्हा ताय चीवाले स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी वेळा तोल जाऊन पडले. दोनदा, चोवीस आठवडे, हे नीट वाचा, दोन रविवार जाऊन काही होत नाही.

बूट पातळ, सपाट तळाचे घ्या, जाड कुशनवाले रनिंग शूज नकोत. दुपारी हुमण-भात पोटभर जेवून चारच्या क्लासला गेलात तर जांभया देत उभे राहाल, ते तुमचं तुम्ही बघा.

आता घरचा सराव. पडवीत किंवा बाल्कांवात पाय खांद्याइतके रुंद ठेवून उभे राहा, गुडघे किंचित सैल, खांदे सोडलेले, श्वास आपला आपला. हळूहळू सगळं वजन डाव्या पायावर न्या, घाई नाही, उजवी टाच आपोआप हलकी वाटली पाहिजे. आता तो पाय उचला. उचलताना कंबर एका बाजूला कलली किंवा अंगाला झोका बसला तर वजन पूर्ण गेलेलं नव्हतं, परत करा. मग तोच पाय पुढे, टाच आधी टेकवायची, पाऊल रिकामं ठेवायचं, अजून वजन द्यायचं नाही, एवढं की वाटलं तर उचलून मागे घेता यावं. मांजर भिंतीवर चालते ना, तसं. हे जमलं की मगच वजन पुढे. हात लटकू देत, पहिले पंधरा दिवस हातांकडे बघूच नका.

मे महिन्यात हे सात वाजायच्या आत उरका, नंतर नुसता घाम. चतुर्थीला क्लास बंद असतो आणि घरात पाहुणे भरलेले असतात, तेव्हा पहाटे पाच मिनिटं एवढंच केलं तरी चालेल. आणि फी महिन्याची महिन्याला भरा, वर्षाचं पॅकेज घेऊ नका.