स्मिथ निघाले लोहार

नवऱ्याचं आडनाव स्मिथ, म्हणून मूळ इंग्लंडातलं असणार असं धरून दोन महिने तिकडचीच दप्तरं चाळली. हाती शून्य. आयर्लंडकडे वळावं, तर तिथल्या 19व्या शतकातल्या जनगणनाही जवळपास नाहीशा. काही 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत गेल्या, काही तर सरकारनेच रद्दीत काढलेल्या!

मग सासूबाई सहज बोलल्या, त्यांचे सासरे आयर्लंडमधल्या कॅव्हन परगण्यातले. तिथल्या 1911 च्या जनगणनेची मूळ पत्रकं ऑनलाइन फुकट बघता येतात. उघडलं, तर कुटुंबप्रमुखाची सही आयरिश लिपीत: मॅक गावन, म्हणजे लोहाराचा मुलगा. इंग्रजी अंमलात त्याचं सरळ भाषांतर होऊन स्मिथ झालेलं. नंतर ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात (करासाठी केलेली आयर्लंडभरची नोंद, 1847–64) स्मिथ आणि मॅगोवन (मॅक गावनचं इंग्रजी वळण) दोन्ही टाकून शोधलं. खापरपणजोबांचं खोपटं सापडलं, करासाठी ठरवलेल्या वार्षिक मूल्यासकट.