परदेशी गिऱ्हाइकाने पैसे अडकवले? दावा त्याच्याच देशात लावा

तुर्भ्यात तयार झालेला माल न्हावाशेव्याहून रवाना झाला, गिऱ्हाइकाने उतरवूनही घेतला, आणि दोन-अडीच लाखांचं शेवटचं बिल तेवढं लटकलं. अशा वेळी पाय आधी ठाण्याच्या कोर्टाकडे वळतात. इथे हुकूमनामा मिळेलही. पण समोरच्याचं बँक खातं, गोदाम सगळं तिकडे असेल तर त्यावर वसुली कशाची करणार? रक्कम लहान असेल तर त्याच्या देशातलं स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्टच गाठावं. तिथे वकिलाशिवाय चालतं.

आधी दाव्याच्या रकमेची मर्यादा बघा. इंग्लंड-वेल्समध्ये ती १०,००० पौंड आहे, सिंगापुरात २०,००० सिंगापूर डॉलर. अमेरिकेत राज्यागणिक आकडा बदलतो: टेक्सासमध्ये २०,००० डॉलर, कॅलिफोर्नियात कंपनीला फक्त ६,२५०. युरोपियन युनियनच्या ५,००० युरोंपर्यंतच्या लहान दाव्यांच्या प्रक्रियेवर मात्र भिस्त ठेवू नका. भारतातल्या विक्रेत्याने जर्मन गिऱ्हाइकावर जर्मनीत लावलेला दावा तिच्यात बसत नाही.

पुढच्या पायऱ्या गिऱ्हाईक इंग्लंडमधली लिमिटेड कंपनी असेल तेव्हाच्या आहेत.

१. नाव नीट शोधा. बिलावर बऱ्याचदा दुकानाचं नाव असतं, देणेकरी मात्र वेगळीच कंपनी असते. कंपनीज हाउस, म्हणजे तिथलं कंपन्यांचं सरकारी नोंदणी कार्यालय, त्याच्या साइटवर ती फुकट सापडते. कंपनी बंद करायचा अर्ज पडलेला दिसला तर त्याच दिवशी हरकत नोंदवा. नोंदणीतून नाव गेल्यावर दावा कुणावर लावणार?

२. कागद गोळा करा: पर्चेस ऑर्डर, इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती). माझ्या मते सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे 'पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो' असा त्याचा मेल. त्यात देणं कबूल झालेलं असतं.

३. दाव्याआधीचं पत्र पाठवा. रक्कम, हिशेब, कागदांची यादी आणि १४ दिवसांची मुदत, एवढं पुरे. भाषा थंड ठेवा. करार इंग्लंडच्या कायद्याखाली असेल आणि त्यात व्याजाचं कलम नसेल, तर उशिरा दिलेल्या पैशांबद्दलच्या तिथल्या १९९८ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या दराच्या वर आणखी ८ टक्के व्याज मागता येतं. तेही पत्रात लिहा.

४. एन-वन (N1), म्हणजे दावा दाखल करायचा फॉर्म भरा. नोटिसा घ्यायला ब्रिटनमधला पत्ता द्यावा लागतो. वाशीहून लंडनला गेलेला भाचा इथे कामी येतो. बिल डॉलरमध्ये असेल तर पौंडात किती होतात, कोणत्या तारखेचा दर, तो कुठून घेतला, हे लिहा. फी रकमेप्रमाणे वाढते. जिंकलात तर ती प्रतिवादीकडून मिळते, पण वकील लावलात तर त्याचा खर्च सहसा मिळत नाही.

५. उत्तराची वाट बघा. दाव्याचे कागद बजावल्यावर प्रतिवादीला १४ दिवस असतात, पोच दिली तर २८. गप्प बसला तर एकतर्फी निकाल मागा. भांडायला उभा राहिला तर आधी तासाभराची मोफत फोन-मध्यस्थी होते. २०२४ पासून ती सक्तीची आहे. थोडी सूट देऊन इथेच मिटत असेल तर मिटवा. सुनावणीला जाता येणार नसेल तर किमान सात दिवस आधी कोर्टाला आणि प्रतिवादीला लेखी कळवा, म्हणजे कागदांवरून निर्णय होऊ शकतो.

६. वसुली. निकालानंतर महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर कंपनीचं नाव सहा वर्षं निकालांच्या नोंदवहीत राहतं आणि उधारी मिळणं अवघड होतं. तेवढ्यानेही हलला नाही तर बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने वसुली करणारा माणूस. त्याची फी वेगळी.

हे चालू असताना आपल्या बँकेला अंधारात ठेवू नका. निर्यातीचे पैसे आणायला रिझर्व्ह बँकेची मुदत असते. ती उलटण्याआधी वाढवून मागा, दाव्याची प्रत जोडा. ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी असेल तर थकबाकी वेळेत कळवा. आणि पैसे येतील तेव्हा ते त्याच बँकेत, इनव्हॉइस नंबरसकट यायला हवेत, नाहीतर शिपिंग बिल बँकेच्या नोंदीत उघडंच, म्हणजे पैसे न आलेलं, राहतं.