रेडवर राईट मारला आणि तिकीट आलं? पैसे भरायच्या आधी हे वाचा

अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या बहुतेक लोकांच्या डोक्यात राईट ऑन रेड (लाल सिग्नलवर उजवीकडे वळणं) म्हणजे आपल्याकडचा फ्री लेफ्टच असं बसलेलं असतं. माझ्याही होतं, आणि त्याची फी मी कॅलिफोर्नियात भरलीये. सिग्नल लाल होता, डावीकडून कोणी येत नव्हतं, गाडी अगदी चालायच्या स्पीडला आणली, मान वळवून बघितलं आणि वळलो. मला शप्पथ वाटत होतं की मी थांबलो होतो. नंतर तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, आली आणि सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघितला तर चाक एकदाही थांबलेलं नाही, आणि ब्रेक दाबला तो पण पांढरी रेघ ओलांडून झाल्यावर!

तर लाल गोल दिवा असेल तेव्हा उजवीकडे वळायचं असेल तर तो स्टॉप साइन आहे असंच समजायचं. रेघेच्या मागे पूर्ण थांबा, रेघ नसेल तर क्रॉसवॉकच्या आधी, तोही नसेल तर चौकात शिरायच्या आधी. रेघेवरून डावीकडचं दिसत नाही म्हणून लोक डायरेक्ट पुढे जाऊन थांबतात आणि तिथेच फसतात, आधी मागे थांबायचं मग हळूहळू पुढे सरकायचं, चालणारे आणि हिरव्यावर येणाऱ्या गाड्या आधी जाऊ द्यायच्या. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे, वळायची परवानगी आहे, सक्ती नाही.

"नो टर्न ऑन रेड" पाटी असेल तर विषयच संपला. लाल बाण असेल तर कॅलिफोर्नियात थांबूनही वळता येत नाही, पण वर वॉशिंग्टन राज्यात थांबून वळता येतं, आणि न्यूयॉर्क शहरात तर सगळं उलटंच, पाटीने परवानगी दिली असेल तरच वळायचं. म्हणजे राज्य बदललं की नियम बघून घ्या. हा प्रकार देशभर पसरला तोच मुळात तेलटंचाईच्या काळात पेट्रोल वाचवायला, १९७५ च्या केंद्राच्या कायद्याने राज्यांना तसं करायला लावलं आणि मॅसॅच्युसेट्स सगळ्यात शेवटी १९८० ला तयार झालं.

आता तिकीट. पोलिसाने थांबवून दिलं तर सही करा, सही म्हणजे गुन्हा कबूल नाही, फक्त कोर्टात हजर राहीन एवढंच वचन असतं. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचं असेल तर पोस्टाने येतं, आणि इथे (हे पुढचं सगळं कॅलिफोर्नियाचं) एक गंमत आहे. काही पत्रं तिकिटासारखी दिसतात पण तिकीट नसतातच, पोलिसांना फक्त गाडी कोण चालवत होतं ते तुमच्याकडून काढून घ्यायचं असतं, लोक त्याला स्निच तिकीट (स्निच म्हणजे चुगलीखोर) म्हणतात. त्यावर कोर्टाचं नाव-पत्ता नसतो, उलट कोर्टाशी संपर्क करू नका असं लिहिलेलं असू शकतं. अशा पत्राला उत्तर द्यायचं बंधन नाही. पण कोर्टाचं नाव असलेलं खरं तिकीट कधीच ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका, तारीख चुकवली तर मूळ दंडावर आणखी १०० डॉलरपर्यंत चढतात आणि हजर न राहिल्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो.

मग तिकिटावरचं कलम वाचा. कलम २१४५३, पण त्यापुढचं अक्षर महत्त्वाचं. ए, म्हणजे सरळ लाल सिग्नल तोडण्याचं कलम, असेल तर मूळ दंड १०० डॉलर, बी म्हणजे लालवर वळण्याचं कलम असेल तर ३५. त्यावर राज्याचे आणि काउंटीचे एवढे आकार चढतात की ए पाचशेच्या घरात जातं आणि बी अडीचशेच्या आत राहतं. तुम्ही फक्त उजवीकडे वळला होता आणि तिकिटावर ए लिहिलंय तर ते बी करून मागायला हरकत नाही, मला हे पैसे भरून झाल्यावर कळलं.

फोटोत चेहरा तुमचाच आहे का, पाटी झाडामागे लपलेली होती का, हे बघा. लढायचं असेल तर कोर्टात न जाता लेखीही लढता येतं, फॉर्म टीआर-२०५, फक्त दंडाची रक्कम आधी भरावी लागते, जिंकलात तर परत मिळते आणि हरलात तर २० दिवसांत नव्याने सुनावणी मागता येते. लढायचं नसेल तर ट्रॅफिक स्कूल (वाहतुकीच्या नियमांचा कोर्स), पण ते १८ महिन्यांत एकदाच मिळतं. दंड सुटत नाही, वर कोर्सची फी, पण तिकिटामुळे ड्रायव्हिंग रेकॉर्डवर लागणारा एक पॉइंट इन्शुरन्सवाल्याला दिसत नाही.

बाकी राज्यांत कॅमेऱ्याचं तिकीट बरंच सौम्य असतं, न्यूयॉर्क शहरात ५० डॉलर, फ्लोरिडात १५८, दोन्हीकडे पॉइंट नाही. टेक्सासने तर २०१९ मध्ये हे कॅमेरेच बंद केले.

मी ट्रॅफिक स्कूल केलं, घरी बसून ऑनलाइन. आता रेघेमागे थांबून मनात एक, दोन, तीन मोजतो आणि बायको शेजारून विचारते, अरे झोपलास का?